ऐकू आलं की बोट वर

श्रुतिकाचं बोट वर गेलं. वनमालाबाईंचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

"श्रुतिका हो, मॅडम नाही," श्यामकांत पुटपुटले आणि मोठ्यानं म्हणाले, "उघडा डोळे."

"मॅडम, आत्ताचा पण नाही?" श्रुतिका वळली. "इतका क्लिअर होता ना. त्या वाकलेल्या कळकातून. तीनदा."

"दुसरा पक्षी असेल. फुलटोच्या."

"फुलटोच्या टिकटिक करतो. हा असा..." तिनं तर्जनीनं हवेत एक बारीक, वर चढत जाणारी रेघ ओढली.

"ऐकायची फार इच्छा असली की कान स्वतःच आवाज तयार करतो," वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी बटण दाबलेलंच नसायचं आणि बूथमधला माणूस खुशाल बोट वर करायचा. आयुष्यभर हेच पाहिलंय मी."

गेले दोन हिवाळे श्रुतिका हेच ऐकत आली होती.

मुलुंडच्या शेवटच्या इमारतीमागे, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून पण हद्दीबाहेर, ओहोळाच्या दोन्ही काठांनी हे कळकीचं बन होतं. हिवाळ्यात तिथे सुईरा येई. पुस्तकांनी त्याला पर्णवटवट्यांच्या कुळात बसवलं होतं. सुईरा हे नाव पाड्यावरच्या लोकांचं. अंगठ्याएवढा, पिकल्या पानाच्या रंगाचा हा पक्षी बांबूच्या जाळीत दिसण्याची शक्यता नगण्य होती. म्हणून तो मोजायचा कानानंच. फेब्रुवारीत परतीच्या आधी तो गाऊ लागे, आणि त्याचं गाणं सुईच्या टोकाइतकं बारीक असे.

मोजण्याची रीत वनमालाबाईंनी घालून दिली होती. महापालिकेच्या रुग्णालयात कानांची तपासणी करण्यात त्यांची सारी नोकरी झाली होती. तिथलीच रीत त्यांनी बनात आणली. डोळे मिटून बसायचं. ऐकू आलं की बोट वर, थांबलं की खाली. एकानं डोळे उघडे ठेवून फक्त बोटांकडे पाहायचं. दोन बोटं एकाच वेळी वर गेली तरच नोंद धरायची. सोसायटीतल्या हौशी मंडळींना ही शिस्त आधी जाचक वाटली. पण या नोंदींवर कुणाला बोट ठेवता येत नाही, हे दिसल्यावर सगळे तिचा अभिमान बाळगू लागले. सोसायटीचे सचिव श्यामकांत यांनी एकदा स्कूटरच्या ब्रेकला बोट वर केलं, तेव्हापासून त्यांची नेमणूक पाहणाऱ्याच्या जागी झाली होती. क्लेमेंट विक्रोळीच्या कारखान्यात प्रेस शॉपच्या गोंगाटात कामाला होता. "माझे कान कंपनीत जमा आहेत," असं तो स्वतःच सांगे आणि चहाचा थर्मास सांभाळी. म्हणजे ऐकणारे कान उरत दोघींचेच.

"मॅडम, पुढच्या रविवारी नव्या रस्त्याच्या समितीचा माणूस येतोय," थर्मासच्या झाकणात चहा घेत श्यामकांत म्हणाले. "पक्षी असेल तर रस्ता जुन्या खाणीकडून वळवतील. नसेल तर बनातून सरळ. आणि या वर्षी आपली नोंद शून्य. मागच्या वर्षी एक."

"शून्य असेल तर शून्य म्हणायचं. पाखरं कमी होतात, त्यात नवल काय? किडेच उरले नाहीत. फवारणीनं रातकिडे कसे संपले, ते मी सोसायटीच्या अंकात लिहिलं नव्हतं का?"

"संपले?" क्लेमेंट हसला. "कुणी सांगितलं? आमच्या न्हाणीत बसलाय ना एक. बायको, डोरोथी, रात्रभर चप्पल घेऊन शोधते त्याला. मला काय, मी झकास झोपतो. बिचारी मलाच विचारते, अरे, तुला खरंच येत नाय ऐकायला?"

सगळे हसले. हसू ओसरल्यावरही वनमालाबाईंच्या डोक्यात ते वाक्य राहिलं. एक रातकिडा असणं ही किरकोळ गोष्ट होती. पण 'एकही नाही' हा सिद्धान्त मोडायला एकच पुरतो.

घरी आल्यावर त्यांनी काखेत थर्मामीटर लावला. ताप नव्हता. गेल्या वर्षी हाच थर्मामीटर वाजत नाही म्हणून त्यांनी दुकानदाराशी वाद घातला होता. पडद्यावरचा आकडा लुकलुकायचा थांबला. आवाज आला नाही. त्यांनी खालच्या मजल्यावरच्या प्रांजलला बोलावून पुन्हा लावला.

"वाजला की," प्रांजल म्हणाली. "का गं, मावशी?"

सोमवारी वनमालाबाई रुग्णालयातल्या आपल्या जुन्या विभागात गेल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेली नादिया आता तिथली प्रमुख होती.

"मॅडम! पेशंट कोण आहे?"

"मी."

बूथचं जाड दार मागे बंद झालं. एवढ्या वर्षांत काचेच्या या बाजूला त्या बसल्या नव्हत्या. नादियाचा आवाज हेडफोनमधून आला, वाक्य त्यांनीच शिकवलेलं होतं: "ऐकू आलं की बोट वर करा. अगदी बारीक आला तरी."

पेशंट लबाडी कशी करतात, हे त्यांना पाठ होतं. तपासणाऱ्याचा खांदा हलला की बटण दाबलं गेलं समजायचं, आणि बोट वर करायचं. काचेपलीकडे नादियाचा खांदा स्वच्छ दिसत होता. वनमालाबाईंनी डोळे मिटले.

जाड आवाज आले, मधले आले. मग वाट पाहणं सुरू झालं. शांतता दोन प्रकारची असते, आवाज नसल्याची आणि कान नसल्याची; आतून दोन्ही सारख्याच असतात. ही गोष्ट त्यांना माहीत होती. कळली आत्ता.

नादियानं आलेख पुढे सरकवला. डावीकडून सरळ येणारी रेघ उजवीकडे, उंच स्वरांच्या टोकाला, खाणीच्या कड्यासारखी कोसळली होती.

"वयाच्या मानाने ठीक आहे, मॅडम. बोलणं सगळं ऐकू येतं ना तुम्हाला?"

"येतं," त्या म्हणाल्या, आणि आपण नादियाच्या ओठांकडे पाहत आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आणि ते त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही. समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून ते 'होय होय' म्हणत. आईनं मीठ मागितलं की पीठ आणून ठेवत. हे दोन शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात, हे कारण वनमालाबाईंना पुढे शिकताना कळलं. त्या वेळी घरात सगळे नुसते हसत. "माका सगळा ऐकाक येता," असं वडील ताठ मानेनं सांगत. कान तपासायचं काम आपण का निवडलं, असं कुणी विचारलं की वनमालाबाई पगाराचं कारण देत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी श्यामकांतना खाली बाकावर बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी आधी पक्ष्याचंच विचारलं.

"म्हणजे पक्षी आहे?"

"श्रुतिकाचे कान चांगले असतील, तर बहुधा आहे."

"मग प्रश्न कुठं आला? उद्या डोळे जरा किलकिले ठेवा. श्रुतिकाचं बोट वर गेलं की तुमचंही करा. तुमच्या बोटावर तो माणूस शंका घेणार नाही. बन वाचतं. आणि पक्षी आहेच, मग खोटं काय झालं त्यात?"

युक्तिवाद वाईट नव्हता, हीच अडचण होती. एक बोट, तेही खऱ्या गोष्टीसाठी. वनमालाबाईंनी तो मनात उलटसुलट करून पाहिला.

"माझे वडील बरेचदा बरोबरच आणून द्यायचे," त्या म्हणाल्या. "अंदाजानं. पण घरात कुणी त्यांच्यावर भरवसा ठेवला नाही."

"तुमचे वडील मधेच कुठून आले, मॅडम? तुम्ही हे उद्या सांगितलंत तर तो म्हणेल, यांच्या सगळ्याच नोंदी रद्द. वाट लागली मग."

"लागू शकते."

रविवारी बनात त्यांनी श्रुतिकाला बाजूला घेतलं. लांबण लावली नाही. "दोन हिवाळे तू बरोबर होतीस. माझे उंच स्वर गेलेत. चूक माझी."

श्रुतिकाच्या चेहऱ्यावर विजय नव्हता.

"मी डॉक्टरकडे जाऊन आले होते, मॅडम," ती म्हणाली. "मागच्या मार्चमध्ये. मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी वाजतंय. तुम्ही इतक्या शुअर होता ना."

वनमालाबाई तिला घेऊन बाकीच्यांत जाऊन बसल्या.

समितीचे सदस्य अनय राऊत वनस्पतिशास्त्रज्ञ होते, कमी बोलणारे. वनमालाबाई उभ्या राहिल्या. "या दोन हिवाळ्यांतलं माझं 'नाही' धरू नका. मला तो आवाज ऐकू येत नाही. तपासणी करून घेतली आहे."

राऊतांनी चष्मा काढून पुसला. "मग त्याआधीचं तुमचं 'हो'?"

"त्यावरही शंका घ्या. मी घेतली असती."

श्यामकांतनी कपाळावर हात मारला.

"मग माझ्या हातात काय उरलं?" राऊतांनी विचारलं.

"तुमचे कान. सुईऱ्याचा आवाज ओळखता?"

"ओळखतो. घाटात ऐकलाय."

"वय?"

"एक्केचाळीस."

"चालेल. बसा."

क्लेमेंट खुदकन हसला. राऊतही हसले आणि खरंच बसले. वनमालाबाईंनी कळकाच्या एका दाट बेटाच्या दोन बाजूंना राऊतांना आणि श्रुतिकाला बसवलं, एकमेकांना दिसणार नाहीत असं. श्यामकांतना त्यांनी हातानंच मागे व्हायला सांगितलं आणि दोघांचेही हात दिसतील अशा जागी, दगडावर, पाहणाऱ्याच्या जागी स्वतः बसल्या.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं की बोट वर करा. अगदी बारीक आला तरी. थांबलं की खाली."

बन स्तब्ध होतं. निदान त्यांच्यापुरतं. काचेबाहेर बसून बोटं पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण तेव्हा बटण त्यांच्या हातात असे, आणि कुठला आवाज सोडला हे बोट वर जाण्याआधी त्यांना माहीत असे.

राऊतांचं बोट वर गेलं. एकटंच. खाली आलं. धरायचं नाही, वनमालाबाईंनी स्वतःला बजावलं. श्यामकांत चुळबुळले, तेव्हा त्यांनी मान न वळवता तळहात दाखवून त्यांना थांबवलं. ओहोळापलीकडे कुणीतरी गाडी सुरू केली, तो आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला. मग तोही दूर गेला.

वाकलेल्या कळकाच्या शेंड्याशी एक पान हललं. वारा नव्हता. गेली कित्येक वर्षं ज्याला ऐकून मोजलं, त्याला एकदा पाहावं असं त्यांना फार वाटलं. पण पाहणाऱ्यानं फक्त बोटांकडे पाहायचं, हा नियम त्यांचाच होता. त्यांनी नजर हलवली नाही.

श्रुतिकाचं बोट वर गेलं. त्याच क्षणी, बेटाच्या दुसऱ्या बाजूला, राऊतांचंही.

वनमालाबाईंचे हात मांडीवर होते. समोरची दोन्ही बोटं बराच वेळ वर राहिली. गाणं लांबलेलं असणार.