झेंडूची माळ घातलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. झोपाळ्याची नव्हे; अवजड गाड्या जखडणारी, जाडजूड कड्यांची. सध्या बेडसे गावी, माझ्या जुन्या सोबत्याच्या, नथूच्या पडवीत खुंटीवर असते. कोंबड्या मला दोरी समजतात. त्यांना काय सांगायचं?

लोणावळ्याच्या दत्तोबा लोहाराने मला घडवलं आणि लॉरीवाल्या फकरुद्दीनभाईंनी विकत घेतलं. रस्ता दाबायचं इंजिन बिघडलं की ते लॉरीमागच्या सपाट गाड्यावर चढवायचं, मी त्याला करकचून आवळायचं आणि घाट उतरून खोपोलीला पोचवायचं, हा आमचा धंदा. भाईंचा मदतनीस नथू गाड्यावरच, इंजिनाला पाठ लावून बसे. मी सुटले तर पहिला तोच चिरडणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

कौतुक करताना माणसं हात राखून असतात. इंजिन पोचलं की लॉरीची पाठ थोपटत, भाईंना चहा देत आणि माझ्यावर बसून बिडी ओढत. भाई तेवढे निराळे. घाटाच्या तोंडाशी, खंडाळ्याला, लॉरी थांबवून माझ्या प्रत्येक कड्यावरून हात फिरवत. नथू चिडवी, "भाई, लेकीची येणी बगावी तसं बगताय."

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी खंडेनवमीला नथूने मला पुसून कुंकू लावलं, भाईंच्या बायकोने, खतीजावहिनींनी ओवलेली झेंडूची जाड माळ माझ्याभोवती गुंडाळली. दसऱ्याला निघताना तो ती काढेना. भाईंनाही घरात शांतता हवी होती. माळेसकट मला आकड्यात अडकवलं, पहारीने पीळ दिला. मी ताठ दिसत होते; पण तो ताठा माझ्याखाली दबलेल्या फुलांचा होता.

वाटेतल्या खड्ड्यांत फुलं चेंगरली आणि मी सैल पडले. कसलेली साखळी गप्प असते. मी जमेल तेवढी खुळखुळले. नथू खूश! त्याला वाटलं, सणाचं मीही नाचतेय.

खंडाळ्याला भाईंचा हात आकड्यापाशी थांबला. आकडा आणि मी यांच्यामधून त्यांची बोटं आरपार जात होती. पुढे सगळा उतार.

"नथू, खाली उतर. माळ सोड."

"वैनींनी ववलीया, भाई. सणाचं लेणं काढून घाटात जायचं?"

भाई रागावले नाहीत. बोटांना चिकटलेल्या पाकळ्या त्यांनी पुढे धरल्या. "लॉरीच्या तोंडाला बांध. मान तिथंही राहील. मला तुला घरी न्यायचंय."

नथूने पाकळ्या पाहिल्या, मग आपली बसायची जागा पाहिली. गुमान माळ सोडली आणि असा पीळ दिला की माझी कडी न् कडी कुरकुरली. घाट उतरेपर्यंत मी चकार शब्द काढला नाही.

पुढे भाई थकले, लॉरी विकली. मी मोडीतच जायची, पण नथूने मला मागून घेतलं. लोखंडाला याहून चांगलं म्हातारपण कुठलं?

मित्रांनो, कामाच्या वस्तूंना फुलं जरूर वाहा. पण आधी हात लावून बघा. नथू आता दसऱ्याची माळ शेजारच्या खुंटीला घालतो. मग, काहीही बांधायचं नसताना, माझ्या प्रत्येक कड्यावरून हात फिरवतो.

"लेकीची येणी हाय व्हय ती?" त्याची बायको बयाबाई विचारते.

"व्हय," नथू म्हणतो.