आईचे चार पॉइंट्स

"आई, तुझ्या लायसन्सवर किती पॉइंट्स आहेत?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या रोशनी आणि वीरने शाळेत लंचला डेअर दिलं होतं, रात्री जेवताना विचारायचंच. आम्ही तिघं ड्रायव्हिंगचा ऑनलाइन कोर्स करत होतो आणि पॉइंट्सचा, म्हणजे चुकांसाठी लायसन्सवर चढणाऱ्या गुणांचा, धडा नुकताच संपला होता. स्पीडिंगचा एक, तुमच्या चुकीने अपघात झाला तर एक, वर्षात चार झाले की लायसन्स सस्पेंड. बाबांना विचारण्यात मजा नव्हती. त्यांचं रेकॉर्ड एकदम क्लीन आहे, हे ते स्वतःच सगळ्या क्युपर्टिनोला सांगतात. आई तर गाडीच चालवत नाही. म्हणजे ती "शून्य" म्हणणार आणि मी म्हणणार, "बघा, गावातली सगळ्यात सेफ ड्रायव्हर!" जोक तयार होता. हल्ली माझ्या जोक्सना मोठी माणसंसुद्धा हसतात.

आई आमटी वाढत होती. "चार," ती म्हणाली.

मी हसले. "अगं, तू चालवतच नाहीस!"

"म्हणून तर."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "आसावरी, राहू दे ना."

"मी कुठे काय काढलं, केदार? तिने विचारलं."

आधी आई चालवायची. खिडक्या उघड्या, गाणं फुल, आणि मी मागे बसून लाजणार. सॅन होजेच्या एका प्रीस्कूलमध्ये शिकवायची ती. मग एकदम थांबली. पाठ दुखते म्हणाली, नोकरीही सोडली. मी विश्वास ठेवला. पाठी दुखतातच ना आयांच्या.

"तीन माझेच होते," आई म्हणाली. "घाईत असायचे मी, ते खोटं नाही. पण चौथा..." तिने बाबांकडे पाहिलं.

बाबा ताटाकडे बघत बोलले. त्या दिवशी आई नाही, ते चालवत होते. सिग्नलला पुढच्या गाडीला मागून ठोकलं. कुणाला लागलं नाही. पण आमच्या ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू पुढच्याच आठवड्यात होता, आणि अर्ज बाबांच्या नोकरीवर. बाबांचे मित्र संजयकाका, त्यांनी म्हणे सांगून ठेवलं होतं, रेकॉर्डवर डाग दिसला की इंटरव्ह्यूचा ऑफिसर फाइल बाजूला टाकतो. पोलीस यायच्या आत दोघांनी सीट बदलली.

"मीच म्हटलं, तू इकडे ये," आई म्हणाली. "लायसन्स गेलं, मग रोज सॅन होजेला जाणार कशी?"

"मग इंटरव्ह्यूला ऑफिसरने विचारलं त्याबद्दल?"

"नाही," बाबा म्हणाले. "त्याने गाडीचा विषयच काढला नाही. तुझी शाळा कुठली ते विचारलं, आणि काँग्रॅच्युलेशन्स म्हणाला."

"आई, पण लायसन्स परत मिळतं ना?"

"मिळालंय की. केव्हाच."

"मग?"

"बसले होते एकदा गाडीत. संजयकडचा गणपती आठवला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "'आईच्या हातात स्टिअरिंग दिलं, तर पुढचे मोदक डायरेक्ट वर जाऊन खावे लागतील.' काय हसले होते सगळे! मग उतरले मी."

तो माझा जोक होता. माझा पहिला हिट जोक. त्यानंतरच तर मला लोकांसमोर बोलायला भीती वाटेनाशी झाली.

आणि बाबा? बाबा डोळे पुसेपर्यंत हसले होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "तरी हसलात."

"सगळेच हसत होते गं, गिरिजा. मी तेव्हा काय बोलणार होतो?"

"जे आत्ता बोललात ते!"

आई आमटी गरम करायला उठली. आमटी गरमच होती. ती पाठमोरी उभी राहिली, हातात पळी, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिची पाठ कधी दुखलीच नव्हती.

फोन वाजत होता. रोशनीचा मेसेज: "विचारलंस???" मी फोन पालथा घातला. शिकाऊ परमिट मिळालं की बाबा मला कॉलेजच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवणार होते. आम्ही रविवारसुद्धा ठरवला होता.

"रविवार कॅन्सल," मी म्हटलं. रडत होते, पण थांबले नाही. "बाबा, तुम्ही मला शिकवायचं नाही. मी आईकडून शिकणार. ती म्हणेल तेव्हा, वर्ष लागलं तरी. तोपर्यंत मी बसने जाईन. आणि शनिवारी संजयकाकांकडे सगळे जमतील तेव्हा, अपघाताच्या दिवशी गाडी कोण चालवत होतं ते तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत, तर मी सांगणार."