वस्तादांच्या मुसक्याला भोक

अब्बांनी अंथरूण धरलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं, ते एका भोकावरून. भोक रुपयाएवढं होतं आणि मी शिवलेल्या तोंडाच्या फडक्याच्या बरोबर मधोमध होतं. अब्बा आरशासमोर उभे राहून त्यातून मिशीचं डावं टोक बाहेर काढायच्या खटपटीत होते. उजवं आधीच निघालं होतं.

"पुन्हा कापलंत?" मी विचारलं.

"मी न्हाई कापलं. उंदरानं कुरतडलं."

"इतकं गोल?"

"वस्तादाच्या घरचा उंदीर हाय. शिस्तीत खातो."

कात्री त्यांच्या मागे पाटावर पडली होती. तिच्याकडे मी बघतेय हे आरशात दिसल्यावर त्यांनी एक पाऊल बाजूला सरकून ती झाकली.

माझे वडील, नसीर वस्ताद, पौडच्या तालमीचे वस्ताद होते. साठी उलटली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि शाळेत येणारं वर्तमानपत्र, हाताला लागेल ते पुस्तक वाचत असे. अब्बांना वाचनाचं वावडं नव्हतं. फक्त वाचणाऱ्या माणसाची मान पुढे येते असं त्यांचं मत होतं, आणि येता-जाता ते माझी मान बोटाने मागे ढकलत.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्याच्या शेवटी फ्लू मुंबईहून पुण्याला आला आणि पुण्याहून एस.टी.ने पौडला. म्हातारी माणसं त्याला फ्लू म्हणत नव्हती. त्यांनी आपल्या तरुणपणी अठरा सालची मानमोडीची साथ बघितली होती, आणि ही तिचीच धाकटी बहीण आहे असं ती म्हणत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चावडीवर येऊन सांगितलं की तालीम बंद. एक दार, खिडकी नाही, आणि दहा जणांचा घाम. पोरांना व्यायाम करायचाच असेल तर उघड्यावर करा, अंतर ठेवा आणि तोंडावर आच्छादन बांधा. गावातल्या इतरांनीही बाजारात जाताना बांधलं तर बरं.

दवंडीचं काम भिकूकडे होतं. आच्छादन हा शब्द भिकूच्या जिभेवर बसेना. दोन आळ्यांपर्यंत त्याने तो कसाबसा नेला, तिसऱ्या आळीला सांडला आणि तिथून पुढे आपला शब्द घातला. "ऐका हो ऐका, साथ आलीया. समद्यांनी तोंडाला मुसकं बांधावं हो."

मुसकं म्हणजे मळणीच्या वेळी बैलाने खळ्यातला दाणा खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधायची काथ्याची जाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पौडात एकही बैल उघड्या तोंडाचा राहिला नव्हता. माणसं मात्र मोकळ्या तोंडाने एकमेकांना विचारत होती, साथ जनावरांवर आलीय का. हैबतरावांनी तर म्हशीलाही बांधलं, कारण हुकमात 'समद्यांनी' असं होतं. संध्याकाळपर्यंत जनावरं उपाशी हंबरू लागली तेव्हा भिकूने पुन्हा ढोलकं गळ्यात अडकवलं. "बैलांची सोडा हो, मानसांनी बांधा."

त्यावर आमच्या शेजारच्या कुशाबांनी बैलाची जाळी सोडली आणि स्वतःला बांधली. मी त्यांना समजावून सांगायला गेले, तर म्हणाले, "बाय, तुजं कापडाचं कोंदट हाय. ह्यात वारा कसा खेळतोय बघ." ती जाळी घालून ते बाजारात भाजी आणायलाही जात.

तेव्हापासून फडक्याला गावाने दुसरा शब्द वापरला नाही. पुढे माझ्याही तोंडात मुसकंच बसलं.

आता अब्बांच्या छातीबद्दल सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं आणि पुण्याच्या इस्पितळात काढावं लागलं होतं. एक फुफ्फुस तेव्हापासून नीट फुगत नव्हतं. अब्बा त्या आजाराला 'बरगडीची उसण' म्हणत आणि तिचं खापर जवळच्या रिहे गावच्या कोंडिबांवर फोडत. कोंडिबा त्यांचे तरुणपणचे जोडीदार. दोघांची एक कुस्ती अंधार पडला म्हणून पंचांनी सोडवली होती, आणि ती आपणच मारली असं दोघंही तीस वर्षं सांगत होते.

वर्तमानपत्रात लिहिलं होतं की हा ताप बहुतेकांना आठवडाभर लोळवून सोडतो, पण म्हाताऱ्यांना आणि छातीच्या रोग्यांना सोडेलच असं नाही. अब्बांना मी सगळी बातमी वाचून दाखवली, तेवढी ओळ गाळून. तुम्ही म्हातारे आहात, तुमची छाती कमजोर आहे, असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर ते सदरा काढून रस्त्यावर उभे राहिले असते. म्हणून मी म्हणाले, "पोरांसाठी बांधा. तुमच्या तोंडून पोरांना लागण झाली तर त्यांच्या आया मला शाळेत येऊन विचारतील."

"पोरांसाठी म्हनतीस व्हय," अब्बा म्हणाले. "मग बांधतो. मला सोताला काय व्हनार न्हाई, पर पोरं नाजूक."

त्यातला सर्वांत नाजूक वाल्मीक. तो बसला की बैलगाडीचा आस कुरकुरायचा.

हैबतरावांनी गावाबाहेरचं आपलं खळं दिलं. मी घरात मिळेल त्या कापडाची मुसकी शिवली. उशीचे अभ्रे संपले, अब्बांचा जुना फेटा संपला, शेवटचं माझ्या लहानपणीच्या छापील परकराचं निघालं आणि ते नेमकं वाल्मीकच्या वाट्याला आलं. गुलाबी फुलं बघून तो मागे सरला.

"वस्ताद, हे नगं. लोकं हसत्याल."

"फुलं तोंडावर हायेत. मांडीत आली का?"

"न्हाई."

"मग मार बैठका."

पहिल्याच बाजारच्या दिवशी कोंडिबा रिह्याहून आले आणि खळ्याच्या कडेला दगडावर बसले. समोर तोंडं बांधलेली दहा धिप्पाड पोरं रांगेत वर-खाली होत होती.

"नसीर," कोंडिबा म्हणाले, "मळणी कुनाची चाललीया? बैल तर लई तयार दिसत्यात."

"तुझीच हाय. ये, तुलाबी जुपतो."

"मला मुसकं कशापायी? मी कुनाचं खात न्हाई."

"पंचाचं खाल्लंस त्या दिवशी."

"अंधार पडला न्हाईतर तुझी पाठ मातीत हुती."

"अंधार तूच पाडलास."

मी पोरांसाठी ताकाची कळशी घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं ऐकलं. आणि पुढचंही बघितलं, ज्यापायी ते भोक पडलं.

बैठका घेताना अब्बा 'ऊठ, बस' असं सांगत आणि पुरे झालं की 'बऽस' म्हणत. ऐकायला शब्द एकच. पण तालमीत दुसरा 'बऽस' लांब, तोंड पूर्ण उघडून आणि हनुवटी वर करून यायचा. फडक्यामागे तोंड किती उघडलं ते कुणाला दिसणार? अब्बा म्हणाले, "बऽस." पोरं बसली. ती उठली तेव्हा अब्बा पुन्हा म्हणाले, "अरे, बऽस." पोरं पुन्हा बसली. "बस म्हटलं ना," अब्बा ओरडले, आणि पोरांना वाटलं वस्ताद चिडलेत, खाली नीट जात नाही आपण. ती आणखी खोल बसली. अब्बांचा पारा चढत गेला तशी बैठकांची गती वाढत गेली. शेवटी वाल्मीक गुलाबी फुलांसकट आडवा झाला आणि त्याच्या मागोमाग रांगच्या रांग लवंडली. कोंडिबा दगडावरून हसत खाली घसरले होते.

अब्बा घरी आले ते सरळ कात्रीकडे गेले. आवाजाला वाट पाहिजे, म्हणाले.

तिथून आमचं सुरू झालं. ते सकाळी भोक पाडत, मी शाळेतून आल्यावर ठिगळ लावी. ठिगळावर ठिगळ चढून त्या मुसक्याचा मधला भाग घोंगडीसारखा जाड झाला, तेव्हा त्यांनी कात्रीला धार लावून आणली.

त्या सकाळी मात्र ते नुसते कापून थांबले नाहीत. त्यांनी विचार केला होता.

"हे बघ बेटा," त्यांनी मला खाली बसवलं. "पोरं खळ्याच्या त्या टोकाला. मी ह्या टोकाला. माझ्या तोंडातलं तितंवर जातंय का?"

"नाही."

"पोरांची मुसकी धड हायेत?"

"आहेत."

"मग माझ्या भोकानं पोरांचं काय बिघडलं? तूच म्हनलीस, पोरांसाठी बांधा. पोरांचं झालं. आता माझ्या मिशीचा काय गुन्हा?"

मला उत्तर येत होतं. ते अगदी सोपं होतं आणि दोन-चार शब्दांचं होतं. मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला बैठका घ्यायच्या न्हाईत."

"वर्तमानपत्रात लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला मिशी नसंल."

"तुमचं बघून पोरं भोकं पाडतील."

हे त्यांना पटलं. पोरांचं काहीही पटायचं. मिशीची टोकं त्यांनी एकेक करून आत घेतली, पण घड्याळाकडे बघून म्हणाले, "आज उशीर झालाय. आल्यावर ठिगळ लाव. पक्कं लाव, मी हात लावनार न्हाई." दारात वळून त्यांनी माझी मान एक बोट मागे ढकलली आणि गेले.

आल्यावर त्यांनी भाकरी खाल्ली, कालवणात मीठ कमी आहे म्हणाले, वर घालून घेतलं, मग जास्त झालं म्हणाले. दुपारी झोपले. मी शाळेतून येऊन ठिगळ लावलं. दुहेरी टाका घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना ताप होता. भोकातून आला, बाजारातून आला की माझ्याबरोबर शाळेतून आला, ते कुणाला सांगता आलं नसतं. डॉक्टर दोन्ही वेळा येऊन इंजेक्शन देत. तिसऱ्या दिवशी त्यांनी छाती तपासून नळी कानातून काढली आणि ती गुंडाळायला फार वेळ लावला.

पोरांना मी घरात येऊ दिलं नाही. मग ती घरासमोरच्या रस्त्यावर मुसकी बांधून बैठका मारू लागली, वस्तादांना ऐकू जावं म्हणून. हुकूम वाल्मीक देत होता. अब्बा डोळे मिटून ऐकत. "दम हाय," ते म्हणाले, "पर ताल न्हाई. म्हसरं हाकतोय जणू."

त्या दुपारी त्यांनी मुसकं मागितलं.

"इथे कशाला?" मी म्हणाले. "पोरं बाहेर आहेत."

"येतील आत एखाद्या वक्ताला. पोरांचा काय नेम. त्यांच्यासाठी बांधतो."

दाराला मी आतून कडी घातलेली होती आणि ती खाटेवरून दिसत होती. खोलीत मी एकटीच होते. त्यांना गाठ मारता येईना, म्हणून ती मी मारली. मग त्यांनी हाताने खूण करून मला खाटेपासून लांब, भिंतीशी बसायला लावलं. मी जरा पुढे सरकले की हात पुन्हा वर व्हायचा. ठिगळाला त्यांनी हात लावला नाही.

शुक्रवारी ते गेले.

जनाजा वाल्मीकने आणि पोरांनी उचलला. सगळ्यांची तोंडं बांधलेली होती, वाल्मीकची फुलंही तशीच होती. कुशाबा शेवटी जाळीसकट चालत होते. मी दारातून बघत होते, आणि मला हसू आलं. अब्बा असते तर त्यांनी कुशाबांना रांगेत घेतलं असतं.

दोन दिवसांनी कोंडिबा आले. रिह्यात त्यांना उशिरा कळलं होतं. ओट्यावर आळीतल्या रंभाबाई, वाल्मीक, आणखी चार माणसं बसली होती. कोंडिबांनी बसून चहा घेतला, बशीत ओतला, आणि तो तसाच गार होऊ दिला.

"ती कुस्ती मीच मारली हुती," ते म्हणाले. "आता कुनाशी भांडू?"

बशी त्यांनी बाजूला सरकवली.

"पर मानूस मोठ्या काळजाचा," कोंडिबा पुढे म्हणाले. "मी हसलो, समदं गाव हसलं, त्यानं तोंड बांधायचं सोडलं न्हाई. कुनासाठी? पोरांसाठी. सोताच्या जिवाचं त्याला काय न्हवतं. पोरांपायी बांधलं त्यानं."

"व्हय," रंभाबाई म्हणाल्या. "पोरांपायीच."

वाल्मीक मान खाली घालून रडत होता. सगळ्यांना ते पटलेलं होतं, आणि पटण्यासारखंच होतं, कारण अब्बांना आणि मग सगळ्यांना ते मीच सांगितलं होतं. मी कोंडिबांची बशी उचलायला वाकले होते. ती तिथेच ठेवली.

"पोरांसाठी नव्हतं, कोंडिबाकाका," मी म्हणाले. माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण पलीकडच्या ओट्यावरच्या माणसांनी वळून बघितलं. "पोरं धडधाकट होती. त्यांना काही झालं नसतं. मला अब्बा हवे होते."