किशोरीचा प्रश्न

किशोरीचं पत्र विश्वंभरनाना वर्षभर पुस्तकात खूण म्हणून वापरत होते. दिवेआगरच्या रिसॉर्टमधली नोकरी तिनं तिसऱ्याच दिवशी सोडली होती. ‘मला कुणी काम दाखवलंच नाही. चुकलं माझंच का?’ एवढंच तिनं विचारलं होतं. त्या रिसॉर्टमध्ये नव्या माणसांना काम शिकवणं नानांकडेच होतं. पण तिथली रीत अशी, की पहिल्या दिवशी नवीन मुलीला दारुड्या पाहुण्यांच्या ओकाऱ्या पुसायला लावायच्या आणि बाकीच्यांनी हसत बघायचं. नाना तेव्हा पुस्तकात डोकं खुपसून बसत.

आज किशोरीनंतरची पाचवी मुलगी नोकरी सोडून गेली. “नाजूक हो पोरी हल्लीच्या, टिकतच न्हाईत!” मालक दात कोरत म्हणाला. नानांना त्याची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

‘चूक तुझी नव्हती, माझी होती,’ त्यांनी चारदा खोडून लिहिलं आणि पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं.