सासूबाईंची कवळी

नणंदेला जुळी झाली त्या वर्षी सासूबाईंचे उरलेसुरले तीन दात पडले. दोन पाव खाताना गेले. तिसरा त्यांनी स्वतःच हलवून हलवून काढला आणि खिडकीबाहेर फेकला. "एकटा उभा राहून काय करतोय तो?" म्हणाल्या.

दातांबरोबर त्यांचं बोलणंही गेलं. सासूबाई म्हणजे घरात कुणी भांडायला मिळालं नाही तर दारावर आलेल्या माणसाला थांबवून भांडणारी बाई. आता शब्द फुसफुसत बाहेर यायचे, नातवंडं तोंड लपवून हसायची, आणि त्या पडल्या मानी. त्यांनी तोंडच मिटून घेतलं. रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे उभे राहून विश्वासाची वचनं म्हणायचो, तेव्हा त्या ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत राहायच्या.

मागची खोली आम्ही त्याच सुमारास एका कवळीवाल्याला भाड्याने दिली होती. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि हा त्यांवरून कवळ्या करायचा. कोपरापर्यंत हात प्लास्टरने पांढरे. फळीवर जबडेच जबडे मांडलेले. जाऊबाई एकदा त्याला चहा द्यायला गेल्या आणि कप घेऊन तशाच परत आल्या. "सगळे माझ्याकडे बघून दात काढतायत," म्हणाल्या.

माझ्या यजमानांनी त्याला आईसाठी कवळी करायला सांगितलं. इथवर सगळं ठीक होतं.

पण ही कवळी काही होईना. दर दोन-तीन दिवसांनी सासूबाई काठी टेकत मागच्या खोलीत जायच्या, दार लागायचं, आणि तासभर आतून बोलण्याचा आवाज यायचा. दातांचं काम, आणि त्यात बोलायचं काय? आमचे मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, लोखंडी सामानाचं दुकान चालवायचे आणि चर्चच्या पंचांपैकी एक होते. खिळा चांगला की हलका हे ते वाजवून सांगत, आणि माणसालाही तसंच वाजवून बघत. ते मला म्हणाले, "काय गं, तो माणूस रविवारी कुठे असतो?"

"खोलीतच. त्याचं यंत्र चालू असतं."

"आणि जेवायच्या आधी प्रार्थना?"

"मी बघितली नाही कधी."

"हं," म्हणाले. भाऊजींचं 'हं' म्हणजे पोलिसाची शिट्टी.

माझी इस्त्रीची जागा त्या खोलीला लागूनच होती. मध्ये फळ्यांची भिंत. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण कान तिखट होते. खोटं कशाला बोलू, इस्त्री गार होईपर्यंत मी ऐकत बसायची.

"आजी, एक सांगा. देव किती?" कवळीवाल्याचा आवाज.

"एक."

"मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा?"

"तेही एकच."

"मोजून बघा ना, तीन होतात."

"अरे गाढवा, एक! एक!"

हे दुसरं 'एक' इतकं खणखणीत आलं की माझ्या हातातली बाही जळता जळता राहिली. किती महिन्यांनी सासूबाईंचा खरा आवाज ऐकला होता!

"पाळकांनी सांगितलंय," त्या पुढे म्हणाल्या, "बर्फ, पाणी आणि वाफ. रूपं तीन, वस्तू एकच."

"एका पातेल्यात, एकाच वेळी, तिन्ही राहतात का?"

आत काठी जमिनीवर आपटली.

"तुझं पातेलं लहान आहे," सासूबाई म्हणाल्या.

मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. हा माणूस म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात काय भरवतोय? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, असल्या गोष्टी कुणी विचारत नसे. विचारणारा एक तर बाहेरून आलेला असायचा, नाहीतर बाहेर जाणारा. रात्री मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "आई बोलतेय ना? मग बोलू दे." त्यांचं असंच. घराला आग लागली तरी आधी ऊब घेतील.

पुढच्या खेपेला मी कान भिंतीलाच लावला, आणि माझं डोकंच फिरलं. आता सासूबाई विचारत होत्या आणि कवळीवाला देवाची बाजू घेत होता!

"पकडला जायच्या रात्री पुत्र बागेत गुडघ्यांवर बसून प्रार्थना करत होता," सासूबाई म्हणत होत्या. "तोच देव, तर मग कुणाला विनवत होता? स्वतःलाच?"

"पुत्र पित्याला विनवत होता, आजी. माणूस झाला होता, तर माणसासारखं घाबरणं आलंच."

"ज्याला शेवट आधीच माहीत आहे तो घाबरेल कशाला?"

"तुम्हाला माहीत होतं ना, बाळंतपण नीट होणार म्हणून? मग कळा आल्या नाहीत?"

परवा देवाला दगड मारणारा आज देवापुढे ढाल धरून उभा. ज्याला दोन जिभा, त्याच्या पोटात तिसरंच काही असतं, अशी माझी समजूत. मला वाटलं, हा आधी म्हातारीला पाडणार, मग स्वतःच उचलणार, आणि मग ती त्याचीच होऊन बसणार. कुठला पंथ, कुठली मंडळी, कुणी पाठवलं याला?

आणि नेमकं त्याच दिवशी भाऊजी दाराच्या बिजागऱ्या घेऊन आले. मी त्यांना थांबवायच्या आत ते भिंतीशी येऊन उभे राहिले. आत सासूबाई रंगात आल्या होत्या.

"मी पाच पोरं वाढवली. एकाने काच फोडली म्हणून दुसऱ्याला झोडपलं नाही कधी. आणि हा बाप म्हणे साऱ्या जगाच्या चुकांपायी आपल्या एकुलत्या एक पोराला खिळे ठोकू देतो, रक्त बघतो, आणि मग याचा राग शांत होतो. असला बाप शेजारी राहत असता तर आपण पोलीस बोलावले असते."

भाऊजींनीही कान भिंतीला लावला.

"पण आजी, पिता आणि पुत्र एकच असतील, तर त्याने दुसऱ्याला कुठे मारलं? स्वतःच मार खाल्ला."

"हे बरं बोललास," सासूबाई म्हणाल्या. "पण मग क्रुसावरून वर बघून ओरडला कुणाला, मला का सोडलंस म्हणून?"

बाकीचं भाऊजींनी ऐकलंच नाही. बिजागऱ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवून ते तडक पाळकांकडे गेले.

आता यात भीती कसली होती ते सांगते. सासरे चर्चच्या कबरस्तानात आहेत, आणि त्यांच्या शेजारची जागा सासूबाईंसाठी राखलेली होती. दर वर्षी त्या तिथलं गवत स्वतः उपटायच्या आणि म्हणायच्या, "माझं अंथरूण आहे ते, साफ नको?" पण आमच्या मंडळीचा जुना नियम असा, की पाळकांनी ज्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकर-द्राक्षरसापासून, दूर ठेवलं तो तसाच मेला, तर त्याला कबरस्तानाच्या भिंतीच्या आत जागा नाही. पलीकडे उतारावर पुरायचं. तिथे एक दारुडा सुतार होता आणि एक बाई होती, जिच्याबद्दल कुणी बोलत नसे.

मी त्या संध्याकाळी कवळीवाल्याला दारातच गाठलं. "खरं सांगा, तुम्ही कोण आहात? आमच्या आईंकडून तुम्हाला काय हवंय?"

तो गोंधळला. मग मेणात बसवलेले दात हातात घेऊन दाखवू लागला. "वहिनी, कवळी आधी अशी मेणात लावून बघतात. माणूस बोलला की कळतं, कुठला दात ओठाला लागतो, कुठे जीभ अडते. पण नुसतं 'बोला' म्हटलं की लोक ओठ मिटून, सांभाळून बोलतात. भांडताना मात्र खरं तोंड उघडतं. म्हणून मी आजींना डिवचत होतो. पावसापाण्यावर डिवचलं, जमलं नाही. तुमच्यावरून डिवचलं..."

"माझ्यावरून? मग?"

"त्या म्हणाल्या, सून बरी आहे."

हे मला काही खरं वाटलं नाही, पण मी पुढे विचारलं नाही.

"देवाचं काढलं तेव्हा त्या पेटल्या," तो म्हणाला. "त्या जिकडे जातील त्याच्या उलट मी जायचं, एवढंच. त्यांनी बाजू बदलली म्हणून मीही बदलली."

"आणि तुम्ही स्वतः काय मानता?"

"माझं काम तोंडापर्यंत, वहिनी. त्याच्या आत मी जात नाही."

माझा जीव भांड्यात पडला. चला, कामाचाच भाग होता. मी ते भाऊजींना सांगितलं, भाऊजींनी पाळकांना. दुसऱ्या दिवशी पाळक घरी आले तेव्हा त्यांचाही चेहरा सैल झालेला होता. भले गृहस्थ. पण गळ्याशी कॉलर अशी घट्ट, की विचारसुद्धा तिथेच अडत असावेत असं सासूबाई म्हणायच्या.

सासूबाई मेणाची कवळी घालून खुर्चीत बसल्या होत्या. मेण वितळेल म्हणून त्यांना गरम चहा द्यायचा नाही असं बजावलेलं होतं, त्यामुळे आम्ही सगळे चहा पीत होतो आणि त्या आमच्या कपांकडे रागाने बघत होत्या.

"आजीबाई," पाळक म्हणाले, "मला सगळं कळलंय. त्या माणसाने त्याच्या कामासाठी तुमच्याकडून बोलवून घेतलं. मनातलं नव्हतं ते. एवढंच म्हणा, आणि रविवारी सगळ्यांबरोबर प्रभुभोजनाच्या मेजाशी या."

भाऊजी पुढे झुकले. "आई, म्हण ना. एका वाक्याचं तर काम आहे."

सासूबाईंनी विचार केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आधी त्याने बोलवून घेतलं," त्या म्हणाल्या. "नंतर माझं मीच बोलले."

"आई!"

"अरे, थांब. इतकी वर्षं मी ती वचनं म्हणत आले. तोंडात दात होते, आपोआप निघायची. दात गेले तेव्हा पहिल्यांदा नुसती ऐकली. ऐकल्यावर कळलं, यातलं काही माझं आहे आणि काही नाही."

पाळकांनी कप खाली ठेवला. "स्पष्ट विचारतो. पुत्र देव आहे, हे तुम्ही मानता?"

"त्याच्यावर माझा जीव आहे. तो कोण आहे हे त्याने मला सांगितलेलं नाही."

"पवित्र शास्त्रात सांगितलंय."

"शास्त्रात तो शेवटी ओरडतो. त्याचं उत्तर तिथे लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत असलं तर सांगा."

पाळकांनी उत्तर दिलं. लांबलचक दिलं. कराराचं, कोकऱ्याचं, न्यायाचं आणि दयेचं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "पाळकसाहेब, पुत्राबद्दल माझी तक्रार नाही. मला संशय बापाचा आहे."

"देवाचा संशय?" पाळकांचा आवाज चढला. "मग विश्वास कुठे राहिला?"

"याच्या बापाचा मी चाळीस वर्षं संशय घेतला," भाऊजींकडे बोट करून त्या म्हणाल्या. "म्हणून मी घर सोडून गेले का?"

यजमानांना हसू फुटलं. पाळकांना आलं नाही. जाताना दारात ते भाऊजींना हळूच म्हणाले की त्यांचे हात बांधलेले आहेत, आजीबाई नीट कबुली देईपर्यंत प्रभुभोजन नाही. आणि त्याचा अर्थ भाऊजींना माहीत होता.

कवळीवाला त्याच आठवड्यात खोली सोडून गेला. कुणी जा म्हटलं नव्हतं, पण कुणी थांबही म्हटलं नाही. पक्की कवळी त्याने माझ्या हातात दिली. ती इतकी छान बसली की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी करकरीत भाजलेला पाव खाल्ला आणि दूधवाल्याशी भांडण केलं. तो माणूस खरंच कामापुरता बोलत होता की आणखी काही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. गेल्यावर मी त्याची खोली झाडली, तर प्लास्टरशिवाय काही सापडलं नाही.

मग भाऊजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून आमच्याकडे यायला लागले. बगलेत शास्त्राचं पुस्तक. आईला पटवायचं आणि भिंतीच्या आत आणायचं, हा त्यांचा हट्ट. पहिले काही दिवस ते पाळकांचीच वाक्यं बोलायचे आणि सासूबाई एकेक सोलून बाजूला ठेवायच्या. मग भाऊजी पाळकांकडे जाऊन नवी उत्तरं आणायला लागले. तीही पुरेनात. एकदा ते पाळकांकडून आले आणि पुस्तक न उघडताच बसले. मी विचारलं, काय झालं?

"मी आईचाच प्रश्न विचारला," म्हणाले. "पण 'आई विचारते' असं म्हणायला विसरलो. त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं माहीत आहे? मी त्या कवळीवाल्याकडे बघायचो ना, अगदी तसं."

त्यानंतर पंचांच्या बैठकीचा निरोप त्यांना येईनासा झाला. रविवारी त्यांच्या बाकावर शेजारची माणसं जरा सरकून बसायला लागली. भाऊजींनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण खिळे तोलताना त्यांचा हात जड झाला होता.

थंडीत सासूबाईंनी अंथरूण धरलं. छातीत कफ. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. भाऊजी खाटेशी बसले, त्यांचा हात हातात घेतला.

"आई, आता वाद नको. पाळक बाहेर बसलेत. नुसतं 'हो' म्हण. बाबांच्या शेजारी जागा आहे तुझी. ती सोडणार आहेस?"

"माहीत आहे मला. गवत मीच काढलंय."

"मग म्हण ना, आई. माझ्यासाठी."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "तुला पटलंय का रे?"

भाऊजींनी तोंड उघडलं. आईच्या मरणाच्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो, आणि एका शब्दात ते काम झालं असतं. पण ते बोलले नाहीत. मान खाली घातली.

"मग मला कशाला सांगतोस?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे कूस वळवली.

भाऊजी बाहेर गेले आणि पाळकांना म्हणाले, "आई झोपलीय. तुम्ही घरी जा."

सासूबाई तीन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, वारल्या. त्यांना भिंतीच्या पलीकडे उतारावर पुरलं. सासऱ्यांच्या शेजारची जागा पुढे मंडळीने भाऊजींना देऊ केली होती. ते नको म्हणाले. भाऊजी त्यानंतर अकराव्या वर्षी मार्चमध्ये गेले, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनाही पलीकडेच पुरलं.