दादाच्या बोयावर माझं नाव

"दुसऱ्याच्या टोपल्यांकडं बघून आपल्या भरणार आहेत का?" बायको करवादली. मी धक्क्यावर उभा राहून दादाची होडी रिकामी होताना बघत होतो. सात टोपल्या! माझ्या जेमतेम तीन. समुद्र तोच, वारा तोच, बापही तोच. मग मासळीला दादाचंच जाळं कसं बरं सापडतं?

"तू गप बस," मी म्हटलं. "आबांनी चांगली जागा थोरल्याला दाखवली. माझ्या पदरात उरलंसुरलं."

"त्या उरल्यासुरल्यावर दोन पोरी वाढवल्या आपण. आणि भाऊजी तुमच्याआधी दोन तास उठतात, ते नाही दिसत?"

खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

त्यात सरकारी मोजणी आली. आजवर समुद्राला कागद नव्हता. ज्याचं जाळं जिथं, तिथं त्याचा हक्क, सगळा तोंडी कारभार. आता साहेब यंत्र घेऊन येणार, ज्यानं त्यानं होडीतून आपली जागा दाखवायची, ती नकाशावर चढणार. मग ज्याच्या नावावर जागा, तिथं त्याचंच जाळं. पंधरा दिवस हरकतीला, नंतर कायमचं.

मी पहिल्याच सकाळी साहेबांना होडीत घातलं आणि माझी जागा मागं टाकून सरळ दादाच्या लाल बोयापाशी, पाण्यावर तरंगणाऱ्या त्याच्या खुणेपाशी नेलं. दहा वर्षं त्या बोयावर डोळा होता माझा. रोज सकाळी दादा तिथंच घुटमळताना दिसायचा.

"हीच जागा?" साहेबांनी विचारलं.

"हीच. आबांपासूनची."

"बोया तुमचाच ना?"

"मग काय शेजाऱ्याचा?" जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी. साहेबांनी बटण दाबलं आणि माझ्या छातीवरचं दहा वर्षांचं ओझं उतरलं.

आठवड्यानं कचेरीच्या भिंतीवर नकाशा लागला. माझ्या नावाचा चौकोन सापडला. "तळाशी काय लिहिलंय?" मी कारकुनाला विचारलं.

"खडक. इथं जाळं टाकलंत तर चिंध्याच वर येतील."

"आणि दादाची जागा?"

त्यानं बोट ठेवलं ते पार उलट्या दिशेला, टेकडीच्या पलीकडं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावात खऱ्या जागेवर कुणी बोया ठेवतच नाही. खरी जागा दीपगृह आणि टेकडीचं टोक एका रेषेत धरून मनात ठेवायची. बोया टाकायचा भलतीकडंच, परतताना तिथं घुटमळायचं, बघणाऱ्याला चकवायचं. माझासुद्धा एक खोटा बोया होताच की! जन्मभर लोकांना चकवलं आणि दादाचा बोया तेवढा खरा मानला. जळफळाटानं डोळे फुटले होते, दुसरं काय?

माझी जुनी जागा नकाशावर कोरी. धक्क्यावरच्या बर्फवाल्यानं त्याच पट्ट्यासाठी अर्ज लिहायला घेतला होता. हरकत घ्यायची तर साऱ्या गावादेखत सांगावं लागणार, की मी भावाची जागा लाटायला गेलो होतो. चार दिवस कचेरीकडं फिरकलोच नाही.

पाचव्या दिवशी बायकोनं हात धरून कचेरीत नेलं. बघतो तर दादा तिथं आधीच उभा. इथंही माझ्याआधी!

"साहेब," तो म्हणत होता, "धाकट्याची गडबड झाली. माझा चकव्याचा बोया दाखवून बसला. त्याची जागा त्यालाच विचारून लिहा, मी साक्षीला सही करतो."

मी कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. अर्ज घेऊन आलेल्या बर्फवाल्यानं तो गुपचूप खिशात घातला.

"भाऊ असावा तर असा!" मागून कुणीतरी म्हणालं. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. आणि मी? आत नुसता धुमसत होतो. मासळीत पुढं, उठण्यात पुढं, आता मोठेपणातही हाच पुढं! माझी हक्काची जागा मला मिळाली, तीही याच्या मेहेरबानीनं. सही करताना कागद फाटेल एवढा जोर लावला मी.

बाहेर आल्यावर दादा खाकरला. "धाकल्या, वहिनीला सांगू नकोस तुझ्या. आबा गेले त्या वर्षी मी तुझ्या बोयापाशी जाळं टाकलं होतं."

"माझ्या? कशाला?"

"मला वाटायचं, शेंडेफळ म्हणून आबांनी खरी जागा तुलाच दिली." तो खाली बघत म्हणाला. "नवं कोरं जाळं होतं रे. खडकात अडकून पार चिंध्या झाल्या."

दादा माझ्यावर जळत होता! माझ्यावर! जागा परत मिळाल्याचा झाला नव्हता एवढा आनंद मला त्या घटकेला झाला.

"चल, चहा पाजतो," मी म्हटलं, आणि धक्क्यापर्यंत त्याच्या पुढं दोन पावलं चालत गेलो.