पाडव्याचा विस्तव

"हात लाव कारकूनभाऊ, हात लाव. आते थंडा शे, चावाव नही."

धुडकू मिस्तरीनं माझा हात धरून बायलरच्या पाठीवर टेकवला. उन्हाळ्यात कापसाचं जीन बंद होतं, तेव्हा गौतमचंद सेठनी मागच्या आवारात तेलाची गिरणी काढली होती. तिला वाफ पुरवायची म्हणून सुरतेहून एक फिटर आणला आणि बायलरला जास्तीचं भोक पाडून घेतलं. भोकावर लोखंडी पत्रा, पत्र्याला आठ बोल्ट आणि त्यातून निघालेली नळी. गोधडीला ठिगळ लावावं तसं काम.

"आनि हाई देख." त्यानं वर बोट दाखवलं.

वाफ फार झाली की आपोआप उघडणारी एक झडप असते. तिच्या दांडीला बायलरसाहेबानं, म्हणजे सरकारी तपासनिसानं, ठरवून दिलेलं वजन टांगलेलं असतं. त्याच्या शेजारी आता दुसरं वजन लोंबत होतं. पाच शेरांचं, माझ्याच काट्यावरचं! चार दिवस मी ते शोधत होतो आणि हमालांच्या नावानं खडे फोडत होतो.

"ऐंशी रत्तल दाबनी परवानगी शे," धुडकू म्हणाला. "आते एकशेवीस व्हई तरी झडप उघडाव नही. साहेबनी देखं का हाई? कागद शे का?"

मी जीनमधला हजेरी-कारकून, वजनाचा काटाही माझ्याकडेच. सेठ दिवसाला रात्र म्हणाले तर कंदील लावणारा माणूस. वजन कुणी टांगलं हे कळल्यावर मी शोधायचं सोडून दिलं, एवढंच केलं.

धुडकू तेवीस वर्षं त्या बायलरवर होता. तो तसाच काळ्या हातांनी सेठच्या गादीसमोर जाऊन उभा राहिला. "सेठ, साहेब तपासस नही तोपावत मी आग लावाव नही."

सेठ वाईट माणूस नव्हते हो. रोज मुंग्यांना साखर घालायचे. ते हसून म्हणाले, "मिस्तरी, फिटरनी हमी दिधी शे. पाडवाना मुहूर्त, कापूसना गाड्यासनी रांग लागेल शे. सुरतना मानूस बलावा, तेना तुले राग वना का?"

धुडकू परत आला आणि त्यानं माझ्याकडून बायलरसाहेबाला अर्ज लिहून घेतला. खाली त्याची सही. माझं नाव मी कुठंच येऊ दिलं नाही. आज लाज वाटते, तेव्हा हायसं वाटलं होतं.

आमच्या जीनमध्ये एक रीत होती. हंगामाचा पहिला विस्तव बायलरवाल्याच्या घरच्या चुलीतून यायचा. कुणी घालून दिली, ठाऊक नाही. बायका म्हणायच्या, ज्याच्या चुलीतला विस्तव आत गेला तो माणूस बायलरला जपेल. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर पन्नासेक बाया बसायच्या, बायलरच्या भिंतीला अगदी लागून. तो विस्तव आल्याशिवाय त्यातली एकही आत पाऊल टाकत नसे.

सन एकोणचाळीसच्या दिवाळी पाडव्याला धुडकू सकाळीच स्टेशनावर गेला होता, पॅसेंजरनं साहेब उतरतो का बघायला. घरी त्यानं चकार शब्द काढला नव्हता. बाहेरचं घरात बोलायचं नाही, ही आम्हा पुरुषांची जुनी खोड. आणि इकडे खुद्द सेठ नवं मडकं घेऊन त्याच्या दाराशी उभे राहिले. सणाच्या दिवशी दारात आलेल्याला विस्तव नाही कसं म्हणायचं? त्याच्या बायकोला, गजराबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं निखारे भरले, मडक्याला हळदकुंकू लावलं आणि स्वतः डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत आली. सगळ्या बायांनी ते पाहिलं. फिटरनं आग पेटवली. बाया आत गेल्या. वाफ चढली तसा भोंगा झाला.

भोंगा ऐकून धुडकू स्टेशनावरून एकटाच धावत आला. मी हजेरीचं पुस्तक घेऊन दारातच होतो. दाबाचा काटा नव्वदवर पोचलेला मी पाहून आलो होतो, आणि ठिगळाच्या कडेनं चहाच्या किटलीसारखी बारीक शीळ सुरू झाली होती. तरी मी हजेरीच लावत होतो.

"बायासहोन, बाहेर निंघा!" धुडकू ओरडला. "बायलर फुटी जाई!"

यंत्रांच्या घरघरीतून मंगळीबाई हसली. ती सगळ्यांत जुनी, तिच्या शब्दावर बाकीच्या चालायच्या. "काय मिस्तरी, सकायमाच पी वना का? तुन्हाच चूलना विस्तव शे ना! गजराबाईनी सोता आना. आम्ही देखं."

"खरं सांगस, माय! निंघा!"

"बसा व, बसा," मंगळीबाई बाकीच्यांना म्हणाली. "सन शे आज, मिस्तरी मस्करी करी ऱ्हायना."

धुडकूचे ओठ नुसते हलत होते. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्याच्या घरात माणसं तीन. एक स्वतः इथं उभा. दुसरीनं सकाळी सगळ्यांदेखत विस्तव आणून दिलेला. उरला कोण?

त्यानं डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर टाकली आणि मटकन खाली बसला.

"मन्हा पोऱ्या नथू गया व, बायासहोन. ठेसनवर तार वनी. त्या विस्तवले सुतक शे."

यंत्रं एकेक करून थांबली. बाया उठल्या. ना धक्काबुक्की, ना आरडाओरडा. पदर तोंडाला लावून पन्नास बाया दोन मिनिटांत बाहेर. सेठही गादीवरून उठून मागं सरले. पाडव्याच्या मुहूर्ताला सुतकी विस्तव! "काढ रे, काढ ती आग!" ते फिटरवर खेकसले. आग ओढून बाहेर टाकली, वाफ सोडून दिली. शीळ बंद झाली. कायदा, अर्ज, विनवणी, कशानं जे झालं नाही ते सुतकानं केलं.

मी धुडकूला उठवायला गेलो. तो माझ्या कानाशी म्हणाला, "तार नही वनी, भाऊ. नथू चांगला शे." आणि ढसाढसा रडला.

आम्ही घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. गजराबाई अंगणात ऊर बडवत होती, चार बाया तिला धरून बसल्या होत्या. धुडकूनं तिला आत नेलं, दार लावलं. मी दाराबाहेर उभा. आतलं रडणं थांबलं. मग तिचा आवाज आला.

"तुन्ही जीभ कशी झडनी नही? दुसरं कोनी भेटनं नही तुले?"

"कोन व्हतं दुसरं?"



साहेब येईपर्यंत खोटं टिकवणं भाग होतं, नाहीतर आग पुन्हा पेटली असती. नथू भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात होता; क्रियाकर्म तिकडेच उरकलं, असं गावात सांगितलं. "दहा दिवस इकडे फिरकू नको, कारण विचारू नको," असं पत्र मीच लिहिलं. इकडे शेजारपाजारच्या बाया दुखवट्याची भाकरी घेऊन यायच्या, समोर बसून खाऊ घालायच्या. जिवंत पोराच्या नावाची ती भाकरी गजराबाईनं आठ दिवस गिळली. कसा घास उतरला असेल त्या माउलीच्या घशाखाली!

नवव्या दिवशी साहेब आला. त्यानं बायलरमध्ये थंड पाणी भरून पंपानं दाब चढवला. काटा शंभरावर जायच्या आतच ठिगळ फाटलं आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळली. भिंतीपलीकडे मंगळीबाईची जागा होती. तिथं पाण्याऐवजी वाफ असती तर? मंगळीबाई येऊन ती ओली भिंत हातानं चाचपून गेली. साहेबानं बायलरला सील ठोकलं.

मग खरं सांगितलं. बायांनी धुडकूचे पाय धरले, नाही असं नाही. पण पोटच्या पोराला ज्यानं तोंडानं मारलं त्याच्या चुलीतला विस्तव पुन्हा कुणी मागितला नाही. अर्ज केला म्हणून सेठनी त्याला काढलं, आणि दुसऱ्या कुठल्या जीनवाल्यानं त्याला उभं केलं नाही. आता तो मिरचीच्या वखारीत पोती शिवतो. दिवसभर खोकत असतो.

नथू सुखरूप आहे. आईनं शपथ घातल्यामुळे दर आठवड्याला पत्र टाकतो. पत्र आलं की नवराबायको माझ्याकडे येतात. धुडकू बाहेर ओट्यावरच बसतो. मी वाचायला लागलो की गजराबाई हात आडवा करते.

"ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. तारीख कोनती शे, तेवढं सांगा."

मी सांगतो. ती वार विचारून घेते.

"म्हंजे बुधवारपावत तं जित्ता व्हता," असं पुटपुटत पत्र घडी करून कंबरेला खोचते आणि बाहेर जाते.

"बुधवार," एवढंच ती धुडकूला सांगते. तो मान हलवतो, भिंतीला धरून उठतो आणि तिच्या मागं चालू लागतो.